दोन शेजारी देशांमधली समुद्राखालची छोटी केबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महासागर ओलांडणाऱ्या हजारो किलोमीटरच्या केबलबद्दल बरंच लिहिलं जातं. शेजारच्या दोन देशांना जोडणारी शे-दोनशे किलोमीटरची केबल मात्र 'सोपं काम' समजून बाजूला राहते. प्रकाश पलीकडे पोचवण्याच्या दृष्टीने ती सोपी आहे, हे खरं. पण ती बहुधा पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत उथळ पाण्यात असते, आणि केबलला खरा धोका उथळ पाण्यातच असतो. खालची बहुतेक उत्तरं शेवटी याच मुद्द्यावर येतात.

छोटी म्हणजे नक्की किती लांब?

सीमारेषा किलोमीटरने ठरत नाही. एका किनाऱ्यावरून सोडलेला प्रकाश, वाटेत प्रकाश पुन्हा जोरदार करणारं, विजेवर चालणारं रिपीटर नावाचं यंत्र न ठेवता, दुसऱ्या किनाऱ्यावर वाचता येतो का, यावर ती ठरते. येत असेल तर ती केबल छोटी. आयर्लंडमधलं डब्लिन ते वेल्समधलं होलीहेड ही २०१२ ची केबल १३१ किलोमीटरची आहे. इंडोनेशियातलं दुमाई आणि मलेशियातलं मलाक्का २००५ मध्ये जोडले गेले, लांबी सुमारे १५० किलोमीटर. लिथुआनिया आणि स्वीडनचं गोटलंड बेट यांच्यामधली केबल २१८ किलोमीटर भरते. तुतिकोरिन ते कोलंबोजवळचं माउंट लॅव्हिनिया ही २००६ ची भारत-लंका केबल सुमारे ३२० किलोमीटरची.

सुरुवातही छोट्या केबलनेच झाली. १८५० मध्ये डोव्हर-कॅले सामुद्रधुनीत टाकलेल्या तारेवर गटापर्चाचं (झाडाच्या रबरासारख्या चिकाचं) वेष्टण होतं, पण चिलखत नव्हतं. ती दिवसभरातच निकामी झाली. पुढच्या वर्षी लोखंडी तारांचं चिलखत घालून दुसरी टाकली, ती टिकली. देशादेशांमधली पहिली ऑप्टिकल केबलही १९८६ ची ब्रिटन-बेल्जियम, म्हणजे शेजाऱ्यांमधलीच.

रिपीटर नसला तर काय फरक पडतो?

खूप पडतो. लांब केबलमध्ये साधारण दर ६० ते १०० किलोमीटरला एक रिपीटर असतो. त्याला वीज देण्यासाठी किनाऱ्यावरून हजारो व्होल्टचा दाब आणि सुमारे एक अँपिअरचा प्रवाह तांब्याच्या नळीतून पाठवावा लागतो. ही वीज मर्यादित असल्यामुळे प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या तंतूंच्या जोड्याही (एक तंतू जाण्याचा, एक येण्याचा) मर्यादित ठेवाव्या लागतात.

रिपीटर काढला की हे बंधन सुटतं. २४, ४८, ७२ जोड्या आरामात घालता येतात. डब्लिन-होलीहेड केबलमध्ये ७२ जोड्या आहेत. समुद्राखाली बिघडेल असं इलेक्ट्रॉनिक काही उरत नाही. दहा वर्षांनी नवी उपकरणं आली, तर दोन्ही किनाऱ्यांवरच्या खोल्यांमधली यंत्रं बदलायची, केबलला हात लावायचा नाही.

प्रकाश पलीकडे पोचेल की नाही, हे कसं मोजतात?

वाटेत प्रकाश किती कमी होतो, त्या तोट्याचा हिशेब डेसिबलमध्ये मांडून. दर १० डेसिबलला प्रकाश एक दशांश उरतो. समजा समुद्रातली लांबी १६० किलोमीटर आहे आणि जी.६५४ प्रकारचा कमी तोट्याचा तंतू वापरला आहे.

समुद्रातला तंतू: १६० × ०.१७ = २७.२ डेसिबल
कारखान्यातले आणि जहाजावरचे जोड: १० × ०.०५ = ०.५
दोन्ही बाजूंचा जमिनीवरचा मार्ग, मिळून ८ किलोमीटर: १.६
कनेक्टर, ४ नग: १.२
पुढच्या दुरुस्त्यांसाठी राखीव, ८ × ०.२५ = २.०
वयोमानाने वाढणारा तोटा: १.०
एकूण: ३३.५ डेसिबल

म्हणजे पलीकडे पोचताना प्रकाशाचा साधारण सव्वादोन हजारावा भाग शिल्लक राहील. हल्लीची किनाऱ्यावरची अॅम्प्लिफायर आणि रिसीव्हर एवढा तोटा सहज पेलतात. यात नवखा माणूस खोडायला जातो तो आकडा म्हणजे दुरुस्तीचा राखीव. तो खोडू नका. उथळ समुद्रात पंचवीस वर्षांत केबल अनेकदा तुटू शकते. प्रत्येक दुरुस्तीत दोन नवे जोड आणि काहीशे मीटर जादा केबल आत जाते. राखीव ठेवला नसेल तर पाचव्या-सहाव्या दुरुस्तीनंतर केबल अखंड असूनही वरचा वेग मिळेनासा होतो.

अंतर जास्त असेल तर प्रकाशाची ताकद वाढवली की झालं?

एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे तंतूतच सिग्नल विस्कटायला लागतो आणि वाढवलेली ताकद उलटते. म्हणून दुसरे दोन मार्ग वापरतात. पहिला रामन प्रवर्धनाचा. सिग्नल १५५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्याच तंतूत १४५० नॅनोमीटरच्या आसपासचा जोरदार पंप लेझर सोडतात आणि वाटेतला तंतूच सिग्नल वाढवतो. दुसरा मार्ग म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, एका जोडपेटीत, एर्बियम हा धातू घातलेल्या तंतूची काही मीटरची गुंडाळी बसवणं. तिला वीज लागत नाही. किनाऱ्यावरून आलेल्या १४८० नॅनोमीटरच्या पंप प्रकाशावरच ती चालते. दोन्ही एकत्र वापरले तर ३०० किलोमीटरच्या पुढेही रिपीटरविना जाता येतं.

हे पंप लेझर अर्धा वॉट आणि त्याहूनही ताकदीचे असतात. कनेक्टरच्या टोकावर धुळीचा एक कण राहिला तर तो जळतो, काच वितळते आणि टोक कायमचं काळं पडतं. म्हणून क्रम ठरलेला असावा: पंप बंद, सूक्ष्मदर्शकातून टोक तपासणं, पुसणं, पुन्हा तपासणं, जोडणं, मगच पंप चालू. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण डोळा कायमचा निकामी करू शकतो. केबल तुटताच पंप आपोआप बंद होण्याची सोय घाईगडबडीतही कुणी निष्क्रिय करू नये.

क्षमता किती मिळते? आणि विलंब?

एका जोडीवर सेकंदाला ४०० गिगाबिटच्या ६४ लहरी (वेगवेगळ्या तरंगलांबीचे प्रकाश) बसवल्या तर २५.६ टेराबिट होतात. २४ जोड्यांचे मिळून ६०० टेराबिटच्या वर. अंतर वाढलं की प्रत्येक लहरीचा वेग ३०० किंवा २०० गिगाबिटवर आणावा लागतो. विलंब किलोमीटरला सुमारे ४.९ मायक्रोसेकंद, म्हणजे १६० किलोमीटरला जाऊन-येऊन दीड मिलिसेकंदाच्या आसपास.

दोन देशांची जमिनीची सीमा लागून असताना केबल समुद्रातून कशाला?

जमिनीवरची केबल रस्तारुंदीकरणात, पाइपलाइनच्या खोदकामात, पुलाच्या कामात सतत तुटत असते. फक्त तिची दुरुस्ती काही तासांत होते. समुद्रातली क्वचित तुटते, पण दुरुस्तीला आठवडे लागतात. दोन्ही असतील तर एकीची उणीव दुसरी भरून काढते.

केबलच्या आत काय असतं?

मधोमध जेली भरलेली पोलादी नळी आणि तिच्यात केसाएवढे बारीक तंतू. नळीभोवती पोलादी तारा, त्यावर पॉलिथिलीन. खोल समुद्रासाठी एवढंच पुरतं आणि केबल सुमारे १७ मिलिमीटर जाडीची, बोटाएवढी राहते. छोट्या केबलला मात्र जवळजवळ पूर्ण लांबीत चिलखत लागतं: जस्ताचा मुलामा दिलेल्या जाड पोलादी तारांचा एक थर किंवा दोन, त्यावर डांबर आणि पॉलिप्रॉपिलीनचं सूत. दुहेरी चिलखतात जाडी ३५ ते ५० मिलिमीटरपर्यंत जाते आणि वजन एका मीटरला काही किलो होतं. हाताळायला ती हट्टी असते. ठरलेल्यापेक्षा लहान वेटोळं घातलं तर तारा उमलतात आणि आतली नळी चेपते.

रिपीटर नसला तरी वीजवाहक धातू आत असू द्यावा. तो कशासाठी, हे दुरुस्तीच्या प्रश्नात येईल.

मार्ग कसा ठरवतात?

आधी कागदावर. नौकानयनाचे नकाशे, नांगर टाकण्याच्या जागा, मासेमारीची क्षेत्रं, जुन्या केबल, तेल-वायूच्या वाहिन्या, गाळ उपसण्याच्या आणि वाळू काढण्याच्या जागा, युद्धातल्या न फुटलेल्या सुरुंगांची शक्यता. मग सर्वेक्षण जहाज निघतं. बहुकिरण प्रतिध्वनी यंत्र खोली मोजतं, साइड-स्कॅन सोनार तळाचं चित्र काढतं, तिसरं यंत्र तळाखालचे थर दाखवतं, आणि ठरावीक अंतरावर शंकू खुपसून माती किती घट्ट आहे ते पाहतात. सहसा पाचशे मीटर रुंदीचा पट्टा असा तपासतात.

सर्वांत फसवी जागा म्हणजे सरकणाऱ्या वाळूच्या लाटा. सर्वेक्षणाच्या दिवशी केबल वाळूत खोल पुरली जाईल असं दिसतं. दोन वर्षांनी ती लाट पुढे सरकते आणि केबल दोन उंचवट्यांच्या मध्ये लोंबकळत राहते. प्रवाहात ती थरथरते, टेकलेल्या जागी घासते. अशा पट्ट्याला वळसा घालावा, नाहीतर लाटांच्या तळाच्या पातळीखाली पुरावं.

दुसरी केबल ओलांडायची असेल तर शक्य तितकं काटकोनात ओलांडतात आणि तिच्या मालकाशी आधी करार करतात. समांतर जाताना पाण्याच्या खोलीच्या तिप्पट अंतर ठेवण्याची पद्धत आहे. दुरुस्तीच्या वेळी केबल पकडणारा लोखंडी आकडा तळावरून ओढताना शेजारची केबल उचलली जाऊ नये, म्हणून.

केबल किती खोल पुरतात?

सहसा एक ते दीड मीटर. बंदराच्या वाटेवर आणि मऊ गाळात तीन मीटरपर्यंत. मराठीत जहाजाच्या आणि शेताच्या अशा दोन्ही औजारांना नांगरच म्हणतात, म्हणून इथे केबल पुरणाऱ्या यंत्राला प्लाऊ म्हणू.

आधी जहाज मार्गावरून आकडा ओढत जातं आणि टाकून दिलेले दोर, जाळी, तुटक्या साखळ्या काढून घेतं. मग प्लाऊ उतरतो. तो जमीन चिरतो, त्या चिरेत केबल सोडतो आणि माती मागे पडते. जहाज ताशी एक किलोमीटरच्या आतबाहेर चालतं. जिथे प्लाऊ चालत नाही तिथे दूरनियंत्रित यंत्र पाण्याच्या फवाऱ्याने चर पाडतं.

बिघडतं ते असं. तळ घट्ट असला की प्लाऊचा ताण वाढतो, ऑपरेटर दात वर उचलतो आणि त्या तुकड्यात केबल अर्धाच मीटर खोल जाते. खडकावर तर ती वरच राहते. म्हणून काम स्वीकारताना सरासरी खोली बघू नका. दर काही मीटरला नोंदलेली खोली मागा आणि कमी पडलेले तुकडे वेगळे काढा. पुढचा बिघाड बहुधा त्यांतल्याच एखाद्या तुकड्यात होतो.

किनाऱ्यावर केबल कशी आणतात?

मोठं जहाज दहा-पंधरा मीटर खोलीच्या आत येऊ शकत नाही. ते तिथे थांबतं. किनाऱ्यावरून दोर नेऊन केबलच्या टोकाला बांधतात आणि किनाऱ्यावरचं विंच ओढायला लागतं. जहाजावर केबल सोडताना दर काही मीटरला एक हवेचा फुगा बांधत जातात, त्यामुळे ती तरंगत येते. टोक पुळणीवरच्या काँक्रीटच्या मॅनहोलमध्ये पोचलं की ते पक्कं करतात. मग पाणबुडे केबल रेषेत आणतात आणि किनाऱ्याकडून समुद्राकडे एकेक फुगा कापत जातात. केबल हळूहळू खाली बसते. शेवटी लाटा फुटतात त्या पट्ट्यात ओतीव लोखंडाचे अर्धगोल तुकडे दोन्ही बाजूंनी बसवून बोल्टने आवळतात.

पुळणीवर दोन मीटर खोल पुरतात, पण दोन मीटर कुठून मोजायचे? पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात परत आणतात. वर्षातली सर्वांत खालची पातळी धरूनच मोजावं. भरलेल्या पुळणीवरून मोजलं तर पहिल्याच उधाणात लोखंडी नळी उघडी पडते. खडकाळ किनाऱ्यावर किंवा पुळणीला हात लावायची परवानगी नसेल तिथे मागच्या बाजूने आडवं भोक पाडून ते थेट समुद्रतळावर बाहेर काढतात. खर्च वाढतो, पण लाटांचा पट्टा हा सगळ्यात त्रासदायक भाग पूर्णपणे टळतो. परवडत असेल तर हाच मार्ग घ्यावा.

मग केबल तुटते कशाने? शार्क चावतात का?

शार्कमुळे होणारे बिघाड एक टक्काही नाहीत. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे बिघाड होतात आणि त्यांतले सत्तर ते ऐंशी टक्के मासेमारीची अवजारं आणि जहाजांचे नांगर यांच्यामुळे होतात. बहुतेक दोनशे मीटरपेक्षा कमी खोलीत. महासागरी केबलचा मोठा भाग चार-पाच हजार मीटर खोल, कुणाच्या वाटेत नसतो. छोट्या केबलला तसा सुरक्षित भाग बहुधा मिळत नाही.

ट्रॉलरच्या जाळ्याच्या जड फळ्या तळ खरवडत जातात, पण त्या उथळच रुततात. म्हणून एक मीटर पुरलेली केबल त्यांच्यापासून बहुधा वाचते. मोठ्या मालवाहू जहाजाचा नांगर मऊ गाळात कित्येक मीटर आत शिरतो आणि त्याला पुरणं हा पूर्ण इलाज नाही. बाल्टिक समुद्रात हे लागोपाठ दिसलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओढल्या गेलेल्या नांगराने फिनलंड-एस्टोनिया वायुवाहिनी फोडली, तिथल्या दूरसंचार केबलही त्याच सुमारास निकामी झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिथुआनिया-गोटलंड केबल आणि फिनलंड-जर्मनी केबल एकेका दिवसाच्या अंतराने तुटल्या. अशा ठिकाणी उपाय पाण्याच्या वर करावा लागतो: जहाजं रेडिओवरून आपोआप कळवत असलेली त्यांची जागा सतत पाहणं, केबलवरून जाताना एखाद्याचा वेग अचानक कमी झाला तर रेडिओवर हाक देणं, आणि केबलचा मार्ग नौकानयनाच्या नकाशावर ठळक छापून घेणं.

तुटलेली जागा कशी शोधतात?

किनाऱ्यावरून ओटीडीआर यंत्राने प्रकाशाचा स्पंद सोडायचा आणि परतीचा वेळ मोजायचा. आकडा मिळतो तो तंतूच्या लांबीचा. त्यावरून समुद्रतळावरची जागा काढताना चुका होतात. तंतूचा अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) १.४६८ ऐवजी १.४६७ भरला तर शंभर किलोमीटरवर सुमारे सत्तर मीटर हुकतात. केबल टाकताना एक टक्का ढील दिली असेल आणि ती नोंदवली नसेल, तर चूक एक किलोमीटर. म्हणून जवळचा माहीत असलेला जोड शोधून तिथून मोजावं आणि दोन्ही किनाऱ्यांवरून मोजणी करून बेरीज एकूण लांबीशी जुळते का ते पाहावं. केबल नुकतीच टाकलेली असताना घेतलेल्या ओटीडीआरच्या मूळ नोंदी जपून ठेवल्या असतील तर हे काम तासाभरात होतं.

जहाज जागेवर आलं की केबलमधल्या धातूवर किनाऱ्यावरून काही हर्ट्झ ते पन्नासेक हर्ट्झचा मंद विद्युत स्वर सोडतात. जहाजाचे किंवा खालच्या यंत्राचे संवेदक तो पकडतात आणि पुरलेली केबल नेमकी सापडते. आत धातू असू द्यावा असं वर म्हटलं, ते यासाठी.

दुरुस्ती कशी होते?

कापणारा आकडा ओढून केबल पूर्ण तोडतात, कारण अखंड केबल उचलायला तेवढी ढील नसते. एक टोक वर घेऊन त्या बाजूच्या किनाऱ्याशी चाचणी करतात, टोक बंद करून बोयाला बांधून सोडतात. दुसरं टोक वर घेतात, खराब भाग कापत जातात, चाचणी चांगली आली की सुटी केबल जोडतात. ती सोडत बोयाकडे येतात आणि शेवटचा जोड करतात.

जोडाच्या खोलीत प्रत्येक तंतू सोलून, पुसून, चिरून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात आणि त्याचा तोटा लगेच मोजतात. मग पॉलिथिलीनचं वेष्टण साच्यात ओततात आणि आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना हे क्ष-किरणाने पाहतात. ४८ जोड्या म्हणजे ९६ तंतू. एका जोडाला सहज एक दिवस जातो आणि तेवढा वेळ जहाजाला एकाच जागी स्थिर राहावं लागतं.

इथे एक चूक वारंवार होते. दुरुस्त केलेला तुकडा तळावर बाजूला वळण घेऊन पडतो आणि तो पुन्हा पुरावा लागतो. घाईत किंवा खर्च वाचवायला हे राहून जातं, आणि पुढच्या हंगामात जाळं तिथेच अडकतं.

एवढी जवळची केबल, मग दुरुस्तीला महिना का लागतो?

प्रत्यक्ष काम तीन ते सहा दिवसांचं असतं. बाकीचा वेळ जहाज मोकळं होण्यात, सुटी केबल चढवण्यात, हवामानात आणि परवानग्यांत जातो. शेजारी देशांमधली केबल पूर्णपणे दोन राष्ट्रांच्या सागरी क्षेत्रांत असते, मधला खुला समुद्र बहुधा नसतोच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, पूर्ण सार्वभौमत्वाचे. तिथे परदेशी जहाजाला सीमाशुल्क, नौदल, बंदर आणि खलाशांच्या कागदपत्रांची परवानगी लागते. बिघाड सीमेजवळ असेल तर दोन्हीकडची.

यावर उपाय आधीच करावा लागतो. परवानग्यांचे नमुना अर्ज भरून ठेवणं, देखभाल जहाजाशी वार्षिक करार, सुटी केबल आणि जोडाचे संच जवळच्या आगारात. सुटी केबल त्याच प्रकारच्या चिलखताची आणि तंतूंची असावी. पंधरा वर्षांनी तोच प्रकार कारखान्यात मिळेलच असं नाही.

मच्छीमाराचं जाळं केबलला अडकलं तर त्याने काय करावं?

ओढू नये. ताणलेली केबल सुटली तर होडी उलटू शकते. जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत, जाळं सोडून किंवा कापून द्यावं आणि तटरक्षक दलाला आणि केबल मालकाला कळवावं. १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम ११५ सांगतं की केबल वाचवण्यासाठी नांगर किंवा जाळं गमावलं हे सिद्ध झालं आणि आधी योग्य खबरदारी घेतलेली होती, तर केबल मालकाने भरपाई द्यायची. बेपर्वाईने केबल तोडणं हा गुन्हा ठरवण्याचं बंधन कलम ११३ राष्ट्रांवर घालतं. मालकानेही हे मच्छीमारांच्या संस्थांत जाऊन त्यांच्या भाषेत सांगायला हवं आणि भरपाईचा अर्ज एका पानाचा ठेवायला हवा. जाळ्याची किंमत वेळेवर देणं हे जहाज बोलावण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

एकच केबल पुरते का?

नाही. दुसरी हवी, आणि ती खरोखर वेगळी हवी: वेगळी पुळण, वेगळं केंद्र, वेगळी वीज, समुद्रात काही किलोमीटरचं अंतर. दोन केबल एकाच मॅनहोलमध्ये येत असतील तर कागदावर दोन असूनही त्या एकीसारख्याच. टोंगा आणि फिजी यांच्यामधली एकुलती केबल जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी उद्रेकात तुटली, तेव्हा ती पूर्ववत व्हायला पाच आठवड्यांहून अधिक काळ गेला.

पंचवीस वर्षांनंतर तिचं काय होतं?

पंचवीस वर्षं हे आराखड्यातलं आयुष्य आहे. रिपीटर नसलेली, फारशी न तुटलेली केबल त्यानंतरही चालते. निर्णय दरवर्षीच्या तोट्याच्या नोंदींवरून घ्यावा. राखीव डेसिबल संपत आले, चिलखत गंजून तारा सुट्या होऊ लागल्या, की ती निवृत्त करावी. उथळ भागातली केबल काढून घेतलेली बरी, कारण ती जाळ्यांत अडकते आणि नव्या केबलची वाट अडवते. पोलाद आणि पॉलिथिलीन पुन्हा वापरात येतं. काढून घेतलेले तुकडे लगेच भंगारात देऊ नका. चिलखत कुठे झिजलं, कुठे गंजलं, कुठे नांगराचा ओरखडा आहे हे तपासून नकाशावर मांडा आणि नवी केबल टाकणाऱ्यांच्या हाती द्या.